जाळी न उतरलेल्या विहिरी

तू मागितलेली वही सापडली. लोखंडी ट्रंकेच्या तळाशी मेणकापडात गुंडाळलेली होती. कडा कसरीनं खाल्ल्या आहेत, पण आतली पानं शाबूत आहेत आणि अक्षर वाचता येतं. अक्षर माझं आहे. तुझ्या आजोबांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून विहिरींची सगळी नोंद ते सांगायचे आणि मी इंग्रजीत लिहायची.

तू तिकडं समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करतेस. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की कोणता जीव कुठं सापडला याचे नकाशावर ठिपके असतात. जिथं ठिपका नाही तिथं तो जीवच नाही असं लोक धरून चालतात. खरं म्हणजे तिथं कुणी कधी बोट नेलेली नसते, जाळी टाकलेली नसते. अशा न पाहिलेल्या जागा कोणत्या आणि त्या का राहिल्या, हे शोधणं तुझं काम. पत्राच्या शेवटी तू सहज विचारलं होतंस, आजोबांच्या जुन्या नोंदी उरल्या असतील का, त्यांचा उपयोग होईल का. होईल. पण वही उघडण्याआधी हे वाच, आणि तुझ्या दोन्ही भावांनाही वाचायला दे. हे न सांगता वही पाठवली तर तिच्यातले काही आकडे तुलाही फसवतील.

तुझे आजोबा मद्रासेकडं समुद्रातले जीव शिकून आले होते. घर कळंबच्या धान्याच्या व्यापाऱ्याचं, लिंगायत. मासा कधी दारात आलेला नाही, आणि हे तीन-चार वर्षं मासे आणि खेकडे चिरत बसले होते. शिकून परत आले तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य होतं आणि त्या राज्याला समुद्रच नव्हता. माझ्या सासूबाई रागवायच्या कानडीत आणि टोमणे मारायच्या मराठीत. त्या म्हणायच्या, "समुद्र शिकायला गेला होतास नव्हं? आता आण की समुद्र, ठेव आडत दुकानाम्होरं."

शेवटी नोकरी मिळाली ती नारूच्या कामावर. तुम्ही कुणी नारू पाहिलेला नाही, आता तो आपल्या देशात उरलेलाही नाही, म्हणून सांगते. विहिरीच्या पाण्यात टाचणीच्या टोकाएवढा एक जीव असतो, सायक्लॉप्स. त्याच्या पोटात नारूचं पिल्लू असतं. असं पाणी न गाळता प्यायलं तरी वर्षभर काही कळत नाही. वर्षानं पायाला फोड येतो, तो फुटतो, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावतो. हातभर लांब असतो. तो काडीला गुंडाळायचा आणि रोज थोडाथोडा बाहेर काढायचा. घाईनं ओढला आणि तुटला तर पाय सडतो. असा पाय घेऊन माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की नारू पाण्यात पिल्लं सोडतो, आणि पुढच्या वर्षाची तजवीज होते.

आजोबांचं काम असं होतं: कोणत्या विहिरीत सायक्लॉप्स आहे ते पाहायचं आणि तक्ता भरून वर पाठवायचा. आहे अशा विहिरीत उन्हाळ्याआधी चुना पडायचा, पायऱ्या बुजवून वर रहाट बसायचा. नाही अशी विहीर सोडून द्यायची.

त्यासाठी त्यांच्याकडं एकच जाळी होती, मद्रासेहून स्वतः आणलेली. झिरझिरीत रेशमी कापडाची, नरसाळ्यासारखी, वर पितळेचं कडं आणि खाली काचेची बाटली बांधलेली. दोरानं तळापर्यंत सोडायची आणि सावकाश वर ओढायची. पाणी निघून जातं, जीव बाटलीत जमतात. ती समुद्रासाठी शिवली होती. नोकरीमुळं आम्ही राहत होतो त्या धाराशिवच्या घरी ती खुंटीला टांगलेली असायची आणि सासूबाई तिच्याकडं पाठ करून बसायच्या.

माझं माहेर सोलापूर. तिथं इंग्रजी शाळेत मी मॅट्रिक झाले होते. उर्दू मला येत नव्हतं, पण बाटल्यांच्या चिठ्ठ्या आणि वही इंग्रजीत चालत असे, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी त्यांच्याबरोबर दौऱ्यावर गेले. मला ते काम आवडलं होतं. रकाने आखायचे, क्रमांक घालायचे, बाटलीवरची चिठ्ठी आणि वहीतली ओळ जुळते का पाहायचं. वहीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. "पाहिलं आणि सापडलं नाही, तर शून्य लिही. पाहिलंच नाही, तर काही लिहू नकोस. रिकामं ठेव. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत." मला ते समजलं होतं. समजलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

संक्रांतीच्या सुमारास आमचा मुक्काम तेरपासून दोन कोसांवरच्या एका गावात पडला. नाव वहीत आहे, इथं लिहीत नाही. चावडीमागच्या दोन खोल्यांत आम्ही होतो. बरोबर एक म्हातारा सरकारी चपराशी होता. गाडी तोच हाकायचा, आणि बोलायचा दख्खनी.

पहिल्या सकाळी गावच्या बारवेवर माणसं जमली. पाटील वरच्या पायरीवर उभे राहून जाळीकडं बघत होते.

"सायब, ह्यो घागरा कुणाचा आणलाय?"

सगळे हसले. आजोबाही हसले आणि जाळी कशी चालते ते सांगू लागले. पाटलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याच्याआधी कुठं बुडवलाय?"

"समुद्रात."

"समुद्राचं काय न्हाय. त्याला इटाळ नसतोय. पर गावाभाईरच्या हिरीत बुडवला तर माघारी आमच्या बारवंत यायचा न्हाय. आजच सांगून ठेवतो, मागनं वाद नगं."

गावाबाहेरची विहीर म्हणजे वस्तीची. त्या लोकांना तेव्हा गावच्या पाण्याला हात लावू देत नसत. त्यांची स्वतःची एक लहान, निम्मी ढासळलेली विहीर ओढ्याकडेला होती. तिलाही पायऱ्या होत्या.

आजोबा म्हणाले, "दर वेळी जाळी उकळून घेतो, पाटील. मग तर झालं?"

"उकळून बाट जातोय व्हय? मग आमी उगंच आंघुळ्या करतोय म्हणायचं."

पुन्हा सगळे हसले. आजोबांनी वाद वाढवला नाही. वस्तीची विहीर शेवटी करू, असं त्यांनी मला सांगितलं. पण शेवटी म्हणजे कधी? या गावात शेवटी केली तरी दुसऱ्या दिवशी तीच जाळी पुढच्या गावच्या बारवेत उतरवायची होती, आणि आमच्या गाडीआधी बातमी पोचत असे. पुढच्या गावचे लोक पहिला प्रश्न तोच विचारायचे, काल कुठं कुठं बुडवली. म्हणून आजोबांनी वरिष्ठांकडं दुसरी जाळी मागितली. उत्तर आलं की एक असताना दुसरी कशाला, तरी कळवतो. मग गावोगाव वस्तीच्या विहिरी दुसऱ्या जाळीसाठी राहत गेल्या. वहीत त्यांच्या ओळी आहेत. गाव, दिशा, पायऱ्या, अंदाजे खोली. शेवटचा रकाना रिकामा.

आमच्या घरात शिवापुढं सगळी माणसं सारखी असं रोज म्हटलं जायचं. ते देव्हाऱ्यापाशी म्हटलं जायचं.

त्या गावात आमच्या बैलांना कडबा आणि चुलीला जळण एक बाई आणून देत असे. ती वस्तीतली होती. तिशीची असेल. उंच, वाळलेली, आणि चालण्यात विलक्षण झपाटा. डोक्यावर मोळी असायची पण मान हलायची नाही. तेरच्या बाजाराला ती मोळी घेऊन जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. नवरा हैदराबादेकडं कामाला गेला तो आलाच नव्हता. घरी आंधळी सासू. दोघींचं पोट तिच्या दोन पायांवर होतं.

ती अंगणाबाहेरच्या लिंबाखाली ओझं टाकायची आणि तिथंच बसून माझ्याशी बोलायची. एकदा तिनं विचारलं, "बाई, त्या बाटलीत सायब काय धरत्यात?"

मी सांगितलं. पाण्यातला जीव, त्याच्या पोटातला नारू, वर्षानं पायातून निघतो तो. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"मंजी पितानी दिसत न्हाय, आन् निघतानी दिसतोय."

"हो."

"मग आमची बी हीर बघा की. गेल्या सालाला आमच्यात चार घरात माणसं पाय धरून बसली हुती. माझं न्हाय अजून. माझं पाय बसलं तर म्हातारी काय खाईल?"

"बघतील. दुसरी जाळी यायची आहे."

"एक हाय की."

मी हातातल्या चिठ्ठ्या सारख्या करू लागले. तिला कळलं. ती हसली आणि म्हणाली, "आमच्या पाण्यात बुडलं तर किडं बाटत्याल व्हय, बाई?"

चपराशी बैलांना कडबा टाकत होता. तो आधी हसला, मग माझ्याकडं बघून खाली मान घालून कडबा झाडू लागला.

दोन दिवसांनी ती पुन्हा म्हणाली, "जाळी न्हाय तर ऱ्हाऊ द्या. म्या घागर भरून आणते. तुमी फडक्यातनं गाळा आन् सायबांच्या काचंतनं बघा. बघायला काय, डोळा तर तुमचाच हाय."

मी आत जाऊन आजोबांना विचारलं. ते सूक्ष्मदर्शकावर वाकलेले होते. विचार करून म्हणाले, "घागरीचं पाणी वरवरचं. किती गाळलं, किती खोलीवरचं, काही सांगता येत नाही. बाकीच्या विहिरींशी ताडून बघता यायचं नाही. अशी नोंद कामाची नाही, अगं. जाळी आल्यावर नीट करू."

तुला हे पटेल. तुझ्या शास्त्रात हेच शिकवतात. आणि तूच म्हणशील की काहीच न पाहण्यापेक्षा घागर बरी होती. बरी होती. त्यांच्या बोलण्यानं मला सुटल्यासारखं झालं, आणि त्याचं कारण शास्त्र नव्हतं. ती घागर मी कुठं ठेवणार, हा प्रश्न माझ्या मनात आधीच उभा राहिला होता. दारातच आमचं पिण्याचं पाणी होतं, चूल होती, आणि गावची माणसं येत-जात होती.

मी बाहेर येऊन तिला म्हटलं, "तसं चालत नाही."

"बरं," ती म्हणाली. मोळीचा दोर हाताला गुंडाळला आणि गेली.

माघात आम्ही धाराशिवला परतलो. तक्ते भरून झाले, शेवटच्या पानावर आजोबांनी सही केली, आणि सगळं वर गेलं. मग ते चार दिवसांसाठी कळंबला गेले आणि तिथंच हिवतापानं पडले. ते तिकडं असताना तक्ते परत आले. वर तांबड्या शाईत उर्दूत एक ओळ होती. मला वाचता येईना, म्हणून चपराश्याला दाखवली. त्यानं कागद लांब धरून वाचलं, "कोई खाना खाली न छोडा जाए," म्हणजे एकही रकाना रिकामा सोडू नये. मग मलाच समजावून सांगितलं, "बीबीजी, गरीब का पेट खाली चलता, कागद का खाना खाली नै चलता सरकार को."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या टपालानं तक्ते परत पाठवायचे होते. रिकामे रकाने सतरा होते. एक विहीर दोर तुटल्यामुळं राहिली होती, बाकी सोळा वस्तीच्या विहिरी. कळंबला माणूस पाठवून विचारता आलं असतं. "पाहिली नाही" असे दोन शब्द लिहिता आले असते. पण रकाना आकड्याचा होता आणि त्यात शब्द मावले नसते, ते वाईट दिसलं असतं. मी सकाळी अंघोळ करून बसले आणि सतरा ठिकाणी शून्य लिहिलं. शून्य मला सुरेख काढता येत असे. मग वही आणि तक्ता जुळला पाहिजे म्हणून वहीतही तीच सतरा शून्यं लिहिली. तक्त्याखाली त्यांची सही होतीच.

ते परत आले तेव्हा इतके थकले होते की भिंत धरून चालत होते. आज सांगू, उद्या सांगू, असं मी म्हणत राहिले. मग मनाशी ठरवलं की दुसरी जाळी आली की त्या विहिरी पाहून होतील आणि शून्यं आपोआप दुरुस्त होतील. मग मी सांगायचंच सोडून दिलं.

चैत्रात चुन्याच्या गाड्या गावोगाव गेल्या. त्या गावच्या बारवेत चुना पडला, पायऱ्या बुजल्या, रहाट बसला. वस्तीच्या विहिरीकडं गाडी वळली नाही. तक्त्यात तिथं शून्य होतं. त्या चैत्रात आणि वैशाखात, पाणी तळाला गेलेलं असताना, वस्तीनं तेच पाणी प्यायलं.

दुसरी जाळी आषाढात आली. तोवर आम्हाला सास्तूरच्या बाजूला पाठवलं होतं. तिकडच्या गावांत कानडी लागायची आणि ती आजोबांना येत होती, म्हणून. तेरच्या बाजूला, तेरणेकाठी परत जायला पुढचा वैशाख उजाडला.

आम्ही पोचलो तेव्हा लिंबाखाली कुणी नव्हतं. पाटील खुशीत होते. "सायब, बारव लई झ्याक झाली. औंदा गावात एकाच्या बी पायाला न्हाय."

"आणि वस्तीत?"

"तिकडचं काय इचारता. रांगंनं पडल्यात."

आजोबांनी माझ्याकडून वही घेतली आणि पान काढलं. त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे शून्य कुणी लिहिलं?"

"मी."

"आपण पाहिली होती ही विहीर?"

"नाही."

"अशी अजून किती?"

"सतरा. ही धरून."

त्यांनी वही मिटली. "सही माझी आहे," एवढंच म्हणाले, आणि गाडीतून जुनी जाळी काढून ओढ्याकडं चालू लागले. पाटील मागून म्हणाले, "सायब, तिकडं बुडवून मग इकडं…"

"आता दोन आहेत, पाटील. बारवेसाठी नवी आहे."

"जाळ्या दोन झाल्या. हात तर त्येच हायत न्हवं?"

आजोबा थांबले. मलाही तेव्हाच कळलं. आम्ही ज्या दुसऱ्या जाळीची वाट पाहिली होती, तिनं काही होणार नव्हतं. ती आधीच आली असती तरी आम्हाला याच जागी उभं राहावं लागलं असतं. मग ते तसेच पुढं गेले.

मी त्या बाईच्या घरी गेले. वस्तीत पाय ठेवण्याची माझी ती पहिली वेळ. ती वाकळेवर पडली होती. दोन्ही पायांना मिळून तीन ठिकाणी काड्या बांधल्या होत्या. चौथा नारू उजव्या पोटरीत तुटला होता. मोळी घेऊन तेरच्या वाटेवर असताना तुटला, असं ती म्हणाली. चार पैसे येतील म्हणून काडी बांधलेल्या पायानं ती निघाली होती. पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा आणि फुगलेला होता. अंगाची वाफ लांबून लागत होती.

"बाई, आमची हीर बघितली का?"

"आज बघताहेत. आत्ताच."

"किडं हायत?"

"असणारच," मी म्हटलं.

"मंजी बाटलं न्हाईत. धडधाकट हायत."

कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली, "कोण आलंय गं?"

"सरकारची बाई."

"आत्ता आली व्हय?" म्हातारीनं आवाजाकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "उन्हाची आलीया. पाणी दे तिला."

"नगं आत्या. त्या गाळून पित्यात."

मी पाणी घेतलं नाही. नारूच्या भीतीनं घेतलं नाही की जुन्या सवयीनं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

तासाभरात आजोबांनी गाडी आणली. तिला धाराशिवच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. वस्तीतल्या दोघांनी उचलून तिला गाडीत ठेवलं. आजोबा गाडीबरोबर चालत गेले. बाटलीवर चिठ्ठी लावायची राहिली होती म्हणून मी मागं राहिले. गाव, विहीर, खोली, तारीख, क्रमांक, सगळं नीट लिहिलं. शाई वाळायच्या आत बाटली उचलली तर अक्षर फिसकटतं, म्हणून तिच्याकडं बघत बसून राहिले. नुसत्या डोळ्यांनीही पाण्यात हालचाल दिसत होती.

दिवस मावळायच्या आत गाडी परत आली. तेरच्या पुढं गाडीतच तिचा जीव गेला होता. चपराश्यानं गाडी वळवली आणि सावकाश आणली. वस्तीनं तिला तिथंच ओढ्याकाठी नेलं. म्हातारीला धरून आणलं होतं. तिला नुसतं गाडीचं चाक चाचपता आलं.

दुसऱ्या सकाळी आजोबांनी सूक्ष्मदर्शक लावला. ते मोजायचे आणि मी लिहायची, अशी आमची रीत होती. ते मोजू लागले. मोजता मोजता थांबले आणि म्हणाले, "लिही, पुष्कळ." आकड्याऐवजी शब्द त्यांनी त्याआधी कधी सांगितला नव्हता. माझा हात उठेना. रकान्यात माझं शून्य होतं. मग त्यांनी टाक माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच लिहिलं.

पाटलांनी आम्हाला बारवेवर येऊ दिलं नाही. पुढच्या तीन गावांनीही नाही. सतरा विहिरींपुढं न पाहताच शून्य लिहिलं गेलं आहे, त्या सगळ्या विहिरींत चुना टाकावा, असं पत्र आजोबांनी वर धाडलं. चूक माझी असं त्यात लिहिलं नव्हतं. आपली स्वतःची असं लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. मग मुलखात धामधूम सुरू झाली, रस्ते बंद पडले. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, ते काम गेलं. आजोबा शाळेत शिकवू लागले. तुम्हाला ठाऊक आहेत ते तिथून पुढचे आजोबा. समुद्र त्यांनी पुन्हा पाहिला नाही. तुझ्या वडिलांनी मुंबईला चला म्हटलं तेव्हाही नाही म्हणाले. त्या शून्यांवरून ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. मीही कधी विषय काढला नाही. चाळीस वर्षं एका घरात राहून आमचं त्यावर बोलणं झालं नाही.

उरलेल्या सोळा विहिरींचं काय झालं ते मला माहीत नाही. कुणी आपणहून चुना टाकला असेल, किंवा टाकला नसेल. तिथं कोण पडलं, हे विचारायला आम्ही गेलो नाही.

आता वहीबद्दल. गेले आठ दिवस रोज सकाळी मी ती भिंगाखाली धरून वाचते आहे. त्या सतरा शून्यांभोवती मी शिसपेन्सिलीनं गोल केले आहेत. ते रकाने रिकामे आहेत असं धर. सास्तूरकडच्या पानांवर मात्र आणखी चार शून्यं अशी आहेत की तिथं जाळी उतरली होती की नाही ते मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. चारही शून्यं बाकीच्यांसारखीच गोल आणि नीट आहेत, त्यामुळं अक्षरावरूनही काही कळत नाही. तिथं प्रश्नचिन्ह केलं आहे. ती चार गावं तू मोजणीत घेऊ नकोस.

आणि तेरणेकाठच्या त्या गावाच्या ओळीत, गोलाच्या शेजारी, निळ्या शाईतला एक शब्द दिसेल. वहीतलं आजोबांच्या हातचं तेवढंच अक्षर. तुला ते लागणार नाही, म्हणून सांगून ठेवते. ‘पुष्कळ’ असं आहे ते.